पॅलंट हाउस : विटेची प्रतिष्ठा

इंग्लंडातील ससेक्स परगण्यात चिचेस्टर नावाचे जुने, तटबंदीचे शहर आहे. त्यातील चार लहान गल्ल्यांना पॅलंट असे म्हणतात. शहराच्या चार मुख्य रस्त्यांची ती जणू छोटी प्रतिकृतीच होय. हेन्री पेकहॅम या मद्यव्यापाऱ्याने व त्याची पत्नी एलिझाबेथ हिने १७१२ मध्ये तेथे जे घर बांधविले, त्याविषयी बोलणारा प्रत्येक जण फाटकाच्या खांबांवरील दोन पक्ष्यांपासून आरंभ करतो. पेकहॅम कुळाचे चिन्ह शहामृग. परंतु मूर्तिकाराने शहामृग कधी पाहिला नसावा. गावकऱ्यांनी त्या वास्तूला 'डोडोचे घर' हे नाव देऊन टाकले. विनोद गोड आहे खरा, पण त्यापायी विटेकडे दुर्लक्ष होते, ही आमची तक्रार आहे.

या घराचे खरे वैभव त्याच्या विटेत आहे. खिडक्यांच्या कमानींसाठी मऊ, वाळूमिश्रित मातीची वीट घेऊन ती दगडावर घासून आकारास आणावयाची व चुन्याच्या केसाएवढ्या सांध्याने बसवावयाची, अशी ती रीत. दगडाची ऐट मिरविण्याऐवजी गवंड्याने विटेलाच नेमकेपणा दिला. असे संयमित सौंदर्य पुष्कळ राजवाड्यांतही आढळत नाही.

पुढे तेथे स्थानिक शासनाची कचेरी बसली. चिचेस्टर कॅथीड्रलचे डीन वॉल्टर हसी यांनी आपला आधुनिक कलेचा संग्रह शहरास देऊ केला तो १९७७ मध्ये, आणि तो याच घरात मांडावा या अटीवर. १९८२ मध्ये कलादालन खुले झाले. ही अट आम्हांस फार मार्मिक वाटते. मूर किंवा सदरलंड यांच्या कृती माणसांच्या राहत्या दालनांत पाहावयास मिळणे हा वेगळाच संस्कार आहे.

२००६ मध्ये शेजारी नवी इमारत उभी राहिली. कॉलिन सेंट जॉन विल्सन आणि लाँग व केंटिश या वास्तुविशारदांनी जुन्याची नक्कल केली नाही, हे योग्यच झाले. २००७ मध्ये या दालनास गुल्बेंकियन पुरस्कारही लाभला. मात्र प्रेक्षकांचा मुख्य प्रवेश आता नव्या भागातून आहे. फाटक, पायऱ्या, दरवाजा आणि आत गेल्यावर कोरीव ओकचा जिना, हा क्रम ज्या घराच्या रचनेचा गाभा होता, त्या घरात पाहुणा बाजूने शिरतो.