आदर्श श्रोता भाईंदरला राहत नाही

भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रस्किन यांनी १९८५ मध्ये मांडलेला विनोदाचा सिद्धान्त थोडक्यात सांगता येतो. प्रत्येक शब्दाभोवती आपल्या मनात माहितीची एक चौकट असते. विनोदाचा मजकूर एकाच वेळी दोन चौकटींत बसतो आणि त्या चौकटी परस्परविरोधी असतात.

हा सिद्धान्त पारखायला मीरा-भाईंदर फार सोयीचे. तेथील एकाच वर्गात मराठी, हिंदी, गुजराती, मारवाडी बोलणाऱ्या घरांतली मुले भेटतात. समजा, मराठीच्या तासाला बाईंनी विचारले, "शाळेत कशासाठी येतोस?" आणि हिंदीभाषक घरातला मुलगा म्हणाला, "शिक्षा घ्यायला." निम्मा वर्ग हसेल. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण, मराठीत दंड. एक शब्द, दोन चौकटी आणि त्यांत विरोध. रस्किन यांच्या अटी पुऱ्या झाल्या. (मूळ संस्कृतात हा शब्द शिकण्याचाच. मराठीने तो छडीपर्यंत कसा नेला, याचा आपण शिक्षकांनी एकदा विचार करायला हरकत नाही!)

येथवर विश्लेषण चोख आहे. पण त्या मुलाने विनोद केलाच नव्हता. बोलणाऱ्याच्या नकळत होणाऱ्या विनोदाची नोंद रस्किन घेतात. मात्र दोन्ही चौकटी कोणाजवळ आहेत, हा प्रश्न बाजूला राहतो. कारण चॉम्स्की यांच्या व्याकरणाच्या धर्तीवर त्यांनी असा आदर्श समूह गृहीत धरला आहे, की ज्यातील सर्वांची विनोदबुद्धी अगदी सारखी असते. आपल्या मुलाजवळ एकच चौकट आहे. हशा कशामुळे झाला हे त्याला कळत नाही. तो आपल्यावर झाला, एवढे मात्र लगेच कळते.

१९९१ मध्ये रस्किन आणि साल्वातोरे अत्तार्दो यांनी सिद्धान्ताचा विस्तार करून विनोदाचे सहा घटक उतरंडीने मांडले. चौकटींचा विरोध, तर्काची युक्ती, प्रसंग, लक्ष्य, निवेदनपद्धती आणि शेवटी भाषा. लक्ष्य म्हणजे ज्याला हसायचे तो. ही जागा रिकामीही असू शकते, असे ते म्हणतात आणि निव्वळ शब्दखेळात ते खरेही आहे. पण हेच उत्तर त्या मुलाने दोन्ही अर्थ ठाऊक असताना, बाईंच्या हातातल्या पट्टीकडे पाहत दिले असते तर? शब्द तेच, चौकटी त्याच, हसू मात्र बाईंवर. हा फरक सिद्धान्ताला नोंदवता येतो, पण तो एका मुलाला गप्प करतो आणि दुसऱ्याला धीट, हे त्याच्या कक्षेत येत नाही.

भाषेला उतरंडीत तळाशी बसवणेही आम्हांला खटकते. श्लेष हा अपवाद आहे, हे ते दोघेही मान्य करतात. आमच्या मते बहुभाषक वर्गात तो अपवाद राहत नाही. वरचे संभाषण हिंदीत सांगून पाहा. मुलाचे उत्तर बरोबर ठरते आणि कोणीच हसत नाही.