हॅटरशी भांडलेला टाइम

‘अ‍ॅलिस इन वंडरलँड’च्या सातव्या प्रकरणात झाडाखाली एक भलंमोठं टेबल मांडलेलं आहे आणि त्याच्या एकाच कोपऱ्यात तिघं दाटीवाटीने बसले आहेत. टोप्या विकणारा हॅटर, त्याचा मित्र मार्च हेअर नावाचा ससा आणि दोघांच्या मध्ये झोपलेला डॉरमाउस. चहा चालला आहे. हॅटर अ‍ॅलिसला एक कोडं घालतो. ती डोकं खाजवते, हरते, उत्तर विचारते. उत्तर त्यालाही ठाऊक नसतं, हेअरलाही नसतं. तेव्हा ती वैतागून म्हणते की, उत्तर नसलेली कोडी घालण्यात वेळ वाया घालवण्यापेक्षा तुम्ही दुसरं काही केलेलं बरं.

इतकं साधं वाक्य इंग्रजीत रोज हजारो घरांत बोललं जात असेल. टाइम ‘वेस्ट’ होतो, ‘स्पेंड’ होतो, ‘सेव्ह’ होतो; बोलणाऱ्याच्या ते ध्यानीमनीही नसतं. लुइस कॅरोल इथे थांबतो. हॅटर तिला सांगतो की, टाइमला मी ओळखतो तसं तू ओळखत असतीस तर त्याच्याबद्दल असं बोलली नसतीस. ‘इट’ नाही, ‘हिम’. टाइम ही वस्तू नाही, गृहस्थ आहे. एका सर्वनामाच्या बदलाने सगळं प्रकरण उलटं होतं. त्यात मला सर्वांत आवडतं ते हे की, शहाणी मुलगी टाइमबद्दल पैशासारखं बोलते आणि ज्याला सगळे वेडा म्हणतात तोच त्याची बूज राखतो.

अ‍ॅलिस गडबडते आणि आपली बाजू सावरायला आणखी एक वाक्य बोलते: गाणं शिकताना मला टाइम ‘बीट’ करावा लागतो. इंग्रजीत वेळेला आणि गाण्यातल्या तालाला एकच शब्द आहे, आणि ताल देणं म्हणजे तो ‘मारणं’. हॅटरला एकदम उलगडा होतो. मग बरोबर आहे, मार खाणं त्याला मुळीच खपत नाही! यात कॅरोलने नवं काही रचलेलं नाही. वाक्प्रचार आधीपासून लोकांच्या तोंडी होते. त्याने ते जसेच्या तसे ऐकले. व्याकरण त्याने कुठेही मोडलं नाही, म्हणून हे प्रकरण आजही शिळं होत नाही असं मला वाटतं.

पुढे हॅटर सांगतो की, या गृहस्थाशी गोडीगुलाबीने राहिलं तर तो घड्याळाचं तुम्ही सांगाल ते करतो. सकाळचे नऊ वाजलेत, अभ्यासाची वेळ आहे. त्याच्या कानात हळूच सांगायचं आणि काटे गर्रकन फिरून दीड वाजलाच, जेवायची वेळ! हेअर मनातल्या मनात म्हणतो, तसं झालं तर काय बहार येईल. अ‍ॅलिस मात्र एक शंका काढते, आणि ती शंका मला या पानावरची सर्वांत खोल जागा वाटते. पण मला भूक लागलेली नसेल ना! घड्याळातले तास पुढे गेले तरी पोटातले जात नाहीत. काट्यांचा वेळ वेगळा आणि जगण्यातला वेगळा, हे सात वर्षांच्या मुलीने किती सहज बोलून दाखवलंय.

मग भांडणाची हकिकत येते. गेल्या मार्चमध्ये राणीच्या मैफलीत हॅटर गात होता. गाणं म्हणजे जेन टेलरच्या १८०६ सालच्या, सगळ्या जगाला पाठ असलेल्या ताऱ्याच्या कवितेचं विडंबन. ताऱ्याच्या जागी वटवाघूळ. पहिलं कडवं जेमतेम संपलं आणि राणी ओरडली की, हा टाइमचा खून करतोय, याचं डोकं उडवा. तिला म्हणायचं होतं की, हा तालाची वाट लावतोय. टाइमने ते शब्दशः घेतलं आणि तेव्हापासून तो रुसला. हॅटरचे शब्द मूळ कवितेच्या चालीत अगदी नीट बसतात, हे मुद्दाम म्हणून पाहिलं की कळतं. म्हणजे राणीचा आरोप खरा होता की नाही याचीही शंका उरते, आणि मित्र मात्र गेला तो गेलाच. एवढ्या विनोदी प्रकरणाच्या पोटात हे दुःख आहे आणि हॅटर ते फार खिन्नपणे सांगतो.

शिक्षा काय, तर आता नेहमीच सहा वाजलेले असतात. मूळ वाक्यात ‘ऑलवेज’ आणि ‘नाऊ’ हे दोन्ही शब्द एकत्र आले आहेत: नेहमी आणि आता. एकाला सगळा काळ व्यापायचा असतो, दुसऱ्याला एकच क्षण. एरवी ते शेजारी आले तरी आपण पुढे वाचत जातो. इथे त्या दोन शब्दांतच हॅटरचा सगळा तुरुंग उभा आहे. सहा म्हणजे चहाची वेळ. ती सरत नाही म्हणून कपबश्या विसळायला उसंत नाही, म्हणून एकेक खुर्ची सरकत नव्या कपापाशी जायचं. एवढं मोठं टेबल का मांडलंय, ते इथे कळतं. आणि सरकत सरकत पहिल्या जागी परत आलो तर? अ‍ॅलिसने हे विचारताच हेअर जांभई देत विषय बदलतो.

आता थोडं मागे जाऊन हॅटरचं घड्याळ पाहायला हवं. ते तारीख दाखवतं, वाजले किती ते दाखवत नाही. अ‍ॅलिसला हसू येतं. हॅटर विचारतो, तुझं घड्याळ वर्ष दाखवतं का? नाही, कारण वर्ष बराच काळ तेच असतं. हॅटर म्हणतो, माझंही नेमकं तसंच. अ‍ॅलिसला वाटतं, वाक्य तर इंग्रजीच आहे, पण त्याला अर्थ काही दिसत नाही. अर्थ आहे, तो कॅरोलने दोन-तीन पानं लांब ठेवला आहे. ज्याच्याकडे कायम सहाच वाजलेले असतात, त्याने तास कशाला दाखवून घ्यायचे? हे ध्यानात आलं की त्या वेड्या घड्याळाइतकं समंजस घड्याळ दुसरं नाही, असंच म्हणावंसं वाटतं.

कॅरोल म्हणजे चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये गणित शिकवणारा. तरुणपणी घरच्यांसाठी काढलेल्या हस्तलिखितात त्याने दोन घड्याळांचं कोडं घातलं होतं: रोज एक मिनिट मागे पडणारं बरं की बंद पडलेलं? मागे पडणारं ७२० दिवसांनी एकदा बरोबर वेळ दाखवतं, बंद पडलेलं रोज दोनदा. हॅटरचे सहा याच घराण्यातले. शिवाय कॅरोल ज्या आवारात राहत होता तिथे वेळही दोन होत्या. १८४० पासून ग्रेट वेस्टर्न रेल्वेने लंडनची वेळ धरली, पण ऑक्सफर्डची स्थानिक वेळ तिच्यामागे पाच मिनिटं. क्राइस्ट चर्चची टॉम नावाची घंटा आजही रात्री ९ वाजून ५ मिनिटांनी १०१ टोल देते, कारण ऑक्सफर्डचे नऊ तेव्हा वाजतात. आपल्या मुंबईनेही ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत जपला होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे; म्हणून हे आपल्याला समजायला जड नाही. घड्याळाचं कोणी ऐकायचं आणि घड्याळाने कोणाचं, हा प्रश्न त्या काळात हवेतच होता.

१८६४ मध्ये अ‍ॅलिस लिडेल या खऱ्याखुऱ्या मुलीला भेट दिलेल्या या गोष्टीच्या हस्तलिखितात हा चहा नव्हता. तो छापताना वाढवला. या चहाच्या वेळी डॉरमाउस सांगतो ती तीन बहिणींची गोष्ट मात्र १८६२ मध्ये कॅरोलबरोबर नावेतून गेलेल्या तीन लिडेल बहिणींचीच आहे. ती ‘वन्स अपॉन अ टाइम’ने सुरू होते, तीही टाइम जिथून निघून गेलाय अशा टेबलावर.

हॅटर शेवटी पुन्हा भेटतो तो कोर्टात, हातात अजून चहाचा कप. चहा कधी सुरू झाला? हॅटर म्हणतो १४ मार्च, हेअर म्हणतो १५, डॉरमाउस म्हणतो १६. ज्युरी तिन्ही तारखा पाटीवर लिहून घेतात, त्यांची बेरीज करतात आणि उत्तराचे शिलिंग-पेन्स करून टाकतात. पुस्तकात तो आकडा दिलेला नाही. बेरीज पेन्समध्ये धरली तर ३ शिलिंग ९ पेन्स होतात.