थंडीचा हक्क

उत्तर ध्रुवाची आणि मराठी माणसाची ओळख लोकमान्यांनी करून दिली. आर्यांचे मूळ वसतिस्थान उत्तर ध्रुवाकडे होते, असे वेदांच्या आधारे मांडणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०३ साली पुण्यास प्रसिद्ध झाला. आणि तो जितक्यांनी वाचला त्याच्या कितीतरी पट लोकांनी त्याविषयी गप्पा मारल्या. आमच्या घरी नरकचतुर्दशीच्या पहाटे तेल लावून कुडकुडत बसलेल्या पोरांना आजोबा हटकून म्हणत, “अरे, आपले पूर्वज तिकडचे! तुम्हांला एवढ्याशा थंडीचे काय?” त्या ग्रंथातला सिद्धान्त आज अभ्यासक मान्य करीत नाहीत, आणि तो माझा विषयही नाही. त्यातली कथा मात्र मनात राहून गेली आहे. ध्रुवापाशी एके काळी हवा सुखाची होती, पुढे बर्फाचा प्रलय आला, आणि माणसांना घर सोडावे लागले. गेल्या पावसाळ्यात मी एक पुस्तक वाचले. त्यात ही कथा नेमकी उलटी आहे. तिथे बर्फ आहे म्हणून घर आहे. बर्फ जाऊ लागला तसे घरही जाऊ लागले.

शीला वॅट-क्लूटिये ह्या इनुइट बाईंचे हे आत्मकथन. नाव ‘द राइट टू बी कोल्ड’, म्हणजे थंड राहण्याचा हक्क. ते २०१५ साली कॅनडात निघाले. आपल्या शाळेच्या पुस्तकांत ज्यांना एस्किमो म्हणत त्यांतलेच हे लोक. ते स्वतःला इनुइट, म्हणजे ‘माणसे’, म्हणवतात, आणि ते जुने नाव त्यांच्यापैकी पुष्कळांना रुचत नाही. लेखिकेला मी शीलाबाई म्हणणार आहे. इतके आपल्या आळीतले नाव असताना आडनावाशी झटापट कशाला करावयाची?

पण पुस्तकाकडे वळण्यापूर्वी एका जुन्या चित्रपटाची आठवण काढणे भाग आहे. कारण त्या प्रदेशाचे जे चित्र जगाच्या मनात बसले आहे ते पुष्कळसे त्या चित्रपटाने बसवले. रॉबर्ट फ्लॅहर्टी यांचा ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ १९२२ सालचा. हडसन उपसागराच्या काठी इनुकजुआक येथे तो चित्रित झाला. पैसा एका फरच्या व्यापारी कंपनीचा. बर्फाचे घर बांधणारा, सीलशी झुंजणारा, सदा हसतमुख नानूक पाहून लोक खुळावले. मीही खुळावलो होतो. पुढे कळले की नायकाचे खरे नाव अल्लाकारिआल्लाक. त्या काळी तिथे बंदुका आल्या होत्या, पण चित्रपटासाठी भालेच हाती घ्यावयाचे ठरले. आणि आत उजेड पुरेना म्हणून बर्फाचे घर अर्धे उघडेच ठेवले होते. ग्रामोफोनची तबकडी तो दातांनी चावून पाहतो त्या प्रसंगाला आम्ही किती हसलो होतो! ग्रामोफोन त्याला ठाऊक होता. हसू यावे म्हणून त्याने ते करून दाखविले. चित्रपटानंतर दोनएक वर्षांत तो वारला. शिकारीत उपासमार होऊन गेला, अशी कथा पसरली. बहुधा क्षयाने, आपल्या घरीच गेला असावा.

कलावंताने रचना करावी ह्याला माझी हरकत नाही. फ्लॅहर्टींचा कॅमेरा प्रेमळ आहे, हेही मी मान्य करतो. पण त्या प्रेमाला काळ नको आहे. त्याला बंदूक नको, दुकान नको, क्षय नको. त्याला केवळ माणूस आणि बर्फ हवा. अशा चित्राचा परिणाम पुढे काय होतो? ह्याच इनुकजुआकहून १९५३ साली कॅनडाच्या सरकारने काही कुटुंबे उचलली आणि सुमारे दोन हजार किलोमीटर उत्तरेस, जिथे हिवाळ्यात महिनोन् महिने सूर्य दिसत नाही अशा ग्रीस फियोर्ड आणि रेझोल्यूट येथे नेऊन ठेवली. शिकार भरपूर मिळेल, दोन वर्षांनी परत यावयाचे असल्यास आणू, असे त्यांना सांगितले होते. तो शब्द पाळला गेला नाही. बर्फातला माणूस कोणत्याही बर्फात सुखी राहील, ही समजूत मुळाशी होती. १९५५ साली जी माणसे तिकडे गेली त्यांत जोसेफी फ्लॅहर्टी होता. तो त्याच चित्रपटकाराचा, चित्रपटात काम केलेल्या इनुइट स्त्रीपासून झालेला मुलगा. बापाने त्याला कधी पाहिले नाही. सरकारने क्षमा मागितली ती २०१० साली.

हे सारे मनात ठेवून शीलाबाईंची पहिली प्रकरणे वाचावी. १९५३ साली, म्हणजे ती कुटुंबे हलविली त्याच वर्षी, त्याच नुनाविक प्रदेशात, कूजुआक येथे त्यांचा जन्म झाला. आजी आणि आई ह्या दोघींनी त्यांना वाढविले. पहिली दहा वर्षे प्रवास म्हणजे कुत्र्यांची गाडी, दुसरे वाहन नाही. ह्या पानांत नानूकचे धाडस कुठेच नाही, घर आहे. कोणी काय शिजविले, सील मारून आणला की कोणाच्या घरी कोणता वाटा गेला, शिकारीला निघालेल्यांच्या गाडीत लहान पोर कसे उबेत बसे, असल्या गोष्टी बाई सहज सांगत जातात, आणि वाचता वाचता आपल्या ध्यानात येते की थंडी ही ह्या घराची शत्रू नसून पाण्याच्या रहाटासारखी घराची सोय आहे. समुद्र गोठला की रस्ता होतो. बर्फ घट्ट बसला की आसरा होतो. उघड्यावर टांगलेले मांस टिकते. हे एकदा पटले की पुस्तकाचे विचित्र वाटणारे नाव विचित्र राहात नाही.

मग कुत्री जातात. १९५० आणि १९६० च्या दशकांत नुनाविकमध्ये पोलिसांनी आणि अधिकाऱ्यांनी हजाराहून अधिक कुत्री मारली. वस्तीत मोकळी फिरतात, रोग पसरवितात, ही कारणे. त्याबद्दल क्वेबेक प्रांताच्या सरकारने २०११ साली आणि कॅनडाच्या सरकारने २०२४ साली क्षमा मागितली. (ह्या देशात क्षमा मागण्याचे खाते फार उशिरा उघडते, पण उघडते तरी.) कुत्री गेल्यावर शिकारी घरी बसला. बर्फावर चालणाऱ्या यांत्रिक गाड्या आल्या. त्यांना पेट्रोल लागते, पेट्रोलला पैसा, पैशाला नोकरी. ज्याच्या हातच्या मांसावर चार घरे जेवत तो दुकानाच्या दाराशी उभा राहिला. पुढे दारू आली, आणि तरुणांच्या आत्महत्या. शीलाबाईंना स्वतःला दहाव्या वर्षी शिक्षणासाठी दूर नोव्हा स्कोशियात एका गोऱ्या कुटुंबात पाठविले, आणि नंतर चर्चिल येथील वसतिशाळेत. ह्या शाळेविषयी त्या जे लिहितात त्यात त्यांचा प्रामाणिकपणा दिसतो. अशा शाळांत असंख्य मुलांचे हाल झाले हे त्या लपवीत नाहीत. पण आपल्याला तिथे पुष्कळ चांगलेही मिळाले, हेही त्या निःसंकोच नोंदवितात. खटला चालविणाऱ्या वकिलाने हे वाक्य गाळले असते.

ह्या पुस्तकाचा गाभा माझ्या मते एका शब्दात आहे. इनुक्टिटूट भाषेत ‘सिला’ म्हणजे बाहेरची हवा, आकाश, ऋतुमान; आणि शहाणपणाचा शब्दही त्याच धातूतून निघतो. बाई सांगतात की मुलगा शिकारीला गेला म्हणजे केवळ मारावयास शिकत नाही. बर्फ पायाखाली कसा वाजतो, वारा कुठे वळला, आता थांबावे की निघावे, हे तो शिकतो. धीर धरावयास, घाबरून उतावीळ न होण्यास शिकतो, आणि ते शिक्षण मग वस्तीतल्या कठीण प्रसंगीही उपयोगी पडते. म्हणजे हवामान ही तिथली शाळा. आता ती शाळाच बिघडली आहे. १९७९ पासून उत्तर ध्रुवाकडचा प्रदेश साऱ्या पृथ्वीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला, असे २०२२ साली शास्त्रज्ञांनी दाखविले. बर्फ उशिरा धरतो, लवकर सुटतो. ज्या वाटेवर आजोबा डोळे मिटून जात तिथे अनुभवी शिकारी पाण्यात पडतात. वृद्धांचे आकाशज्ञान खोटे ठरू लागले की तरुण त्यांना विचारीनासे होतात. समाजाची जखम आणि हवेची जखम ह्या दोन नव्हेत, हे एवढे स्पष्ट मी दुसरीकडे वाचले नव्हते.

इतके चांगले म्हटल्यावर तक्रारही केली पाहिजे. अर्ध्यानंतर हे पुस्तक घर सोडते आणि विमानात बसते. परिषदा, ठराव, पुरस्कार, कोणत्या सभागृहात कोण भेटले, कोणी काय भाषण केले! १९९५ पासून अकरा वर्षे बाई इनुइटांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत पदाधिकारी होत्या. त्या कामाचा मान ठेवूनही म्हणावे लागते की ही पाने अहवालाची आहेत. २००५ साली त्यांनी आणखी बासष्ट इनुइटांसह अमेरिका खंडाच्या मानवी हक्क आयोगापुढे अर्ज केला: अमेरिकेच्या धुरामुळे आमचा बर्फ वितळतो, म्हणून आमच्या हक्कांचा भंग होतो. आयोगाने २००६ साली तो अर्ज पुढे चालविण्याचे नाकारले, पण २००७ साली म्हणणे ऐकून घेतले. प्रसंग मोठा आहे; चित्रण मात्र कोरडे. आजीच्या तोंडी ‘हक्क’ हा शब्द कधी आला असेल असे मला वाटत नाही. तो न्यायालयाचा शब्द आहे, आणि ऐकून घ्यावयाचे तर परक्याच्या भाषेतच बोलावे लागते हे बाईंना पक्के ठाऊक आहे. त्याची किंमत त्यांच्या गद्याने मोजली.

इथे मला दोन पुस्तके आठवतात. नुनाविकच्याच मितिआरजुक नाप्पालुक ह्यांना मिशनऱ्यांनी भाषा शिकण्यासाठी शब्द लिहून मागितले. शब्द लिहिता लिहिता बाईंनी ‘सानाक’ नावाची कादंबरीच रचली. ती त्यांच्या लिपीत १९८४ साली छापली गेली. आणि दुसरे अर्थातच आपले ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळकांना सोवळे म्हणजे काय हे कोणा परक्याला समजावून द्यावयाचे नव्हते, म्हणून त्यांना हसता आले. शीलाबाईंना पानापानावर समजावून द्यावे लागते. विनोदाला उसंत मिळत नाही. ही तुलना अन्यायाची आहे, हे मी जाणतो. घर जळत असताना कोणी स्मृतिचित्रे लिहीत नाही.

त्या कोरड्या भागात एक प्रकरण मात्र असे आहे की त्याने मला रात्री झोपू दिले नाही. १९८० च्या दशकाच्या अखेरीस नुनाविकच्या बायांचे दूध तपासले गेले, तेव्हा त्यात पीसीबी नावाचे कारखानी विष दक्षिण क्वेबेकच्या बायांच्या सुमारे पाचपट निघाले. जिथे कारखाना नाही, शेत नाही, तिथे विष आले कसे? उष्ण देशांतून ही द्रव्ये हवेत उडतात, थंडीत खाली बसतात, माशांत आणि सील-व्हेलच्या चरबीत साचतात. आणि ती चरबी हे तिथले मुख्य अन्न. अशी बारा द्रव्ये निवडून त्यांवर बंधने घालणारा करार २००१ साली स्टॉकहोमला झाला. त्या बारांत एक नाव होते डीडीटी.

हे नाव वाचले आणि मी एकदम कोकणातल्या आमच्या घरी गेलो. हिवताप खात्याची माणसे यावयाची. बादलीत बुडविलेला पंप. एक दांडा हलवी, दुसरा नळीने भिंती भिजवी. आजी देवघर ओढून घेई आणि सारवलेल्या भिंतींवरच्या पांढऱ्या ओघळांना नावे ठेवी. शेजारणी खूश, कारण ढेकूण मरत. दाराच्या चौकटीवर तारीख घालून ते पुढच्या घरी जात. आई मात्र त्यांना आग्रहाने चहा देई. माझ्या आधीचा भाऊ हिवतापाने गेला होता. स्वातंत्र्याच्या सुमारास ह्या देशात दर वर्षी सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई. १९६० च्या दशकाच्या मध्यास तो आकडा लाखावर आला. ही करामत त्या पांढऱ्या ओघळांची. पुढे आपल्या रायगड जिल्ह्यात रसायनीलाही ते द्रव्य तयार होत असे.

वाटाघाटींत शीलाबाईंना ह्या दुसऱ्या आईचा विसर पडला नाही. बर्फातल्या बाईला आपल्या दुधाची भीती वाटावी हे जसे असह्य, तसेच उष्ण देशातल्या बाईला पोर वाचविण्यासाठी हेच विष घरात घ्यावे लागावे हेही असह्य, अशी त्यांची भूमिका होती. डीडीटीवर सरसकट बंदी मागून त्यांना सुटता आले असते. त्यांनी ती मागितली नाही. रोगनिवारणापुरती मुभा करारात राहिली, आणि भारताने २००६ साली तो करार मान्य केला. नैरोबीच्या बैठकीत त्यांनी आई आणि मूल अशी एक इनुइट कोरीव मूर्ती भेट दिली होती. पुढच्या बैठकांत ती अध्यक्षांच्या टेबलावर राहिली. एवढे प्रकरण वाचताना मला गद्याचा कोरडेपणा जाणवला नाही. कदाचित आईच्या चहामुळे असेल.

पुस्तक इंग्रजीत आहे आणि चांगले जाड आहे. ज्यांना सारे वाचण्याची सवड नसेल त्यांनी कुत्र्यांच्या गाडीपासून चर्चिलपर्यंतचा भाग घरातल्या मुलांना सावकाश वाचून दाखवावा, आणि मग थेट ह्या दुधाच्या प्रकरणावर यावे. मधल्या समित्यांची पाने दुसऱ्या वाचनात मीही उलटली.