नावडतं वृत्तपत्र आणि खोटं वृत्तपत्र

आपल्या आवडत्या खेळाच्या बातम्या देणारं वृत्तपत्र आपल्याला पटत नाही, म्हणून त्यावर बहिष्कार घालावा का? नुसतं पटत नाही म्हणून घालू नये, असं मी म्हणेन. न पटणारं वाचल्यानंच आपलं मत घासूनपुसून निघतं.

पण लिव्हरपूलचं उदाहरण बघा. १५ एप्रिल १९८९ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात चेंगराचेंगरी झाली. लिव्हरपूलचे ९७ चाहते त्यात गेले. चारच दिवसांनी ‘द सन’नं ‘सत्य’ असा मथळा देऊन छापलं, की काही चाहत्यांनी मृतांचे खिसे कापले. त्या शहरात असंख्य लोकांनी तो पेपर कायमचा सोडला. फुटबॉलची पानं त्यातही होतीच की! तीही सोडली.

आता प्रश्न असा, की बहिष्कारानं सत्य सिद्ध झालं का? नाही. ते मृतांच्या कुटुंबीयांनी झगडून मिळवलं. २०१६मध्ये ज्यूरीनं चाहत्यांना निर्दोष ठरवलं, तोवर २७ वर्षं गेली होती. बहिष्कारानं एवढंच केलं, की खोट्याचं गिऱ्हाईक व्हायचं नाकारलं.

हे थोडं नाही. मताशी वाद घालता येतो. पण आपल्याच मेलेल्या माणसांवर घेतलेला खोटा आळ रोज सकाळी पैसे मोजून घरात कसा आणायचा?