निरंक आणि कोरे

आपल्याकडच्या सरकारी कचेऱ्यांत एक जुना आणि शहाणा शब्द आहे: 'निरंक'. एखाद्या महिन्यात नोंदण्यासारखे काहीच घडले नसेल, तर कारकून तो रकाना मोकळा सोडत नाही, तिथे 'निरंक' असे लिहितो. कारण मोकळ्या रकान्याचे अर्थ अनेक होतात. काही घडले नाही, घडले पण लिहायचे राहून गेले, माहिती तालुक्याहून अजून यायची आहे, किंवा साहेबांनी विचारलेच नव्हते. निरंकचा अर्थ मात्र एकच: पाहिले, मोजले, शून्य निघाले. ज्या कोणी ही पद्धत पाडली त्याला संगणक ठाऊक नव्हता, पण माहितीचा स्वभाव पक्का ठाऊक होता.

हीच फूटपट्टी घेऊन आजच्या संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमिंगची थोडी समीक्षा करावी, असा या लेखाचा बेत आहे. विषय वरवर अगदी किरकोळ आहे: तक्त्यातून ओळी निवडणे. 'या यादीतून साठीच्या पुढचे सभासद काढून दे', एवढेच. सनीव्हेल आणि आसपासच्या गावांत आपल्यापैकी कितीतरी जणांची चूल याच कामावर पेटते. कोणी बँकेसाठी ओळी निवडतो, कोणी इस्पितळासाठी, कोणी चिपच्या चाचण्यांतून. मुलेही आता शाळा-कॉलेजात पायथन किंवा आर शिकतात आणि पहिल्या काही धड्यांत हेच करतात. इतक्या साध्या गोष्टीची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. माझे म्हणणे असे की माणसाचा स्वभाव जसा त्याच्या भाषणांपेक्षा रोजच्या बोलण्यातून कळतो, तसा प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा स्वभाव तिच्या सर्वांत साध्या वाक्यातून कळतो.

आधी 'आर' या भाषेबद्दल, कारण संख्याशास्त्राच्या घरची मुलगी तीच. तिची आई 'एस'. बेल लॅब्जमध्ये १९७६ साली जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांनी एसची सुरुवात केली. १९९०च्या दशकाच्या आरंभी न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर लिहायला घेतली आणि २९ फेब्रुवारी २००० रोजी तिची १.०.० ही आवृत्ती निघाली. ज्या 'डेटा फ्रेम'मध्ये आज सगळे जग आपले तक्ते ठेवते, ती एसमध्ये रुळली १९९२ साली, चेंबर्स आणि ट्रेव्हर हेस्टी यांनी संपादित केलेल्या पुस्तकामुळे. हे दोघेही पुढे स्टॅनफर्डला आले, म्हणजे आपल्या अगदी शेजारी.

आरमध्ये ओळी निवडायला एक चौकोनी कंस पुरतो. त्या कंसात तुम्ही चार प्रकारे बोलू शकता. क्रमांक सांगा: तिसरी आणि सातवी ओळ दे. उणे क्रमांक सांगा: तिसरी सोडून बाकीच्या दे. नाव सांगा: ज्या ओळीवर अमुक लेबल आहे ती दे. किंवा प्रत्येक ओळीपुढे हो-नाही अशी खूण करा, 'हो' असलेल्या सगळ्या मिळतील. एकाच दारातून चार तऱ्हेचे पाहुणे आत घेणारी ही रचना सुंदर आहे, यात शंका नाही. संख्याशास्त्रज्ञ जसा विचार करतो तशीच ती बोलते. मोजणी एकपासून करावी की शून्यापासून, यावर आर आणि पायथनवाले हमरीतुमरीवर येतात, पण तो वाद मला पंगतीत पहिले पान कोणाचे या वादाइतकाच वाटतो. जेवण दोन्हीकडे मिळते.

खरी परीक्षा पुढे आहे. समजा मंडळाच्या यादीत १०० सभासद आहेत आणि एक रकाना वयाचा आहे. वीस जण साठीच्या पुढचे, पासष्ट जण साठ किंवा त्याहून कमी वयाचे, आणि पंधरा जणांनी वयाचा रकाना कोरा ठेवला आहे. मंडळाने ठरवले की कडक उन्हाच्या दिवसांत किंवा वीज गेली असता साठीपुढच्या सभासदांना फोन करून विचारपूस करायची. स्वयंसेवकाने संगणकाला सांगितले: वय साठपेक्षा जास्त असलेल्या ओळी दे. आता त्या पंधरा कोऱ्यांचे काय होते ते पाहा.

एसक्यूएल ही आपल्याच परगण्यातली. एडगर कॉड यांनी १९७० साली तक्त्यांचा सिद्धांत मांडला तो सॅन होजेला आयबीएमच्या प्रयोगशाळेत, आणि डोनाल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी तिथेच काम करताना १९७४ साली 'सीक्वेल' मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली. एसक्यूएल साठीपुढचे वीस देते. 'साठीपुढचे नसलेले दे' म्हटले तर पासष्ट देते. दोन्हींची बेरीज पंच्याऐंशी. उरलेले पंधरा ना या यादीत, ना त्या यादीत, आणि याबद्दल एसक्यूएल अवाक्षर काढत नाही.

पायथनमधला 'पांडाज' आणखी तयारीचा. वयाचा रकाना साध्या संख्यांचा असेल, तर कोऱ्या जागेची साठशी तुलना केली की तो सरळ 'नाही' म्हणतो. मग साठीपुढचे वीस येतात, आणि त्याच अटीच्या उलट मागितले की ऐंशी. बेरीज बरोबर शंभर! हिशेब जुळला म्हणून आपण समाधानाने चहा घ्यावा, तर ते पंधरा जण गुपचूप तरुणांत जाऊन बसलेले असतात. गंमत म्हणजे 'साठीपुढचे नसलेले' न म्हणता 'साठ किंवा कमी' असे विचारले, तर तोच पांडाज पासष्ट देतो. बोलीभाषेत या दोन प्रश्नांत काही फरक नाही. इथे पंधरा माणसांचा आहे.

आता आरचा चौकोनी कंस. तो साठीपुढचे म्हणून पस्तीस ओळी देतो: वीस खऱ्या, आणि पंधरा अशा की ज्यांच्या प्रत्येक रकान्यात 'एनए', म्हणजे 'उपलब्ध नाही'. उलट विचारले तर ऐंशी: पासष्ट खऱ्या आणि पुन्हा त्याच पंधरा. नवशिक्यांना या भुताटकीच्या ओळींचा फार राग येतो. म्हणून आरमध्येच 'सबसेट' नावाची सोय आहे, ती या ओळी झाडून टाकते. हॅडली विकम यांच्या २०१४ साली आलेल्या 'डीप्लायर'मधले 'फिल्टर'ही तेच करते. उत्तर नीटनेटके दिसते आणि सगळे सुखावतात.

लोकमताच्या विरुद्ध जाऊन मी म्हणेन की या मंडळींत कंसाचे वागणे त्यातल्या त्यात प्रामाणिक आहे. तुम्ही विचारलेत, यांचे वय साठच्या पुढे आहे का? कंस म्हणतो, वीस जणांबद्दल हो, पंधरा जणांबद्दल मला माहीत नाही. माहीत नसताना 'नाही' म्हणण्यापेक्षा हे बरे. त्या ओळी कुरूप दिसतात, डोळ्यांत खुपतात, आणि खुपल्याच पाहिजेत. कोऱ्याला निरंक समजू नकोस, असेच ती भाषा बजावत असते.

परंतु कंसाचे हे कौतुक इथेच थांबवावे लागते. कारण त्या पंधरा ओळींत नुसते वयच नव्हे, तर नाव, पत्ता, फोन सगळेच 'एनए' होते. मूळ यादीत या सभासदांची नावे व्यवस्थित लिहिलेली होती. अज्ञात होते ते फक्त वय. एक गोष्ट ठाऊक नाही म्हणून कंसाने माणूसच पुसून टाकला. किती जणांबद्दल माहीत नाही हे तो सांगतो, कोणाबद्दल ते सांगत नाही. स्वयंसेवकाने फोन करायचा तो कोणाला?

कंसाचे आणखी दोन दोष सांगायला हवेत, आणि ते बोलके नसून मुके असल्यामुळे जास्त घातक आहेत. पहिला असा: मॅट्रिक्समधून अटीत बसणाऱ्या दहा ओळी निघाल्या तर मॅट्रिक्स मिळते, पण एकच निघाली तर मॅट्रिक्स मोडून नुसती संख्यांची माळ हातात येते. रकाने किती, असे विचारले तर उत्तर नाही. दहा आले तर पंगत, एकच आला तर पाटच उचलून ठेवला, असा हा आतिथ्याचा प्रकार. 'ड्रॉप' बंद करून हे टाळता येते, पण मुळात ते चालू का? एस घडली ती पडद्यासमोर बसून एकेक प्रश्न विचारणाऱ्या माणसासाठी. त्याला एक ओळ सुटसुटीत दिसलेली आवडते. रात्री दोन वाजता कोणी पाहत नसताना चालणाऱ्या प्रोग्रॅमला ती सोय नडते.

दुसरा दोष वगळण्यातला. 'ज्या ओळी चुकीच्या आहेत त्यांचे क्रमांक शोध आणि ते उणे कर', असे पुष्कळ जण 'व्हिच' वापरून लिहितात. चुकीच्या ओळी असतील तोवर हे ठीक चालते. ज्या दिवशी एकही ओळ चुकीची नसते, त्या दिवशी शोधाचे उत्तर रिकामे येते, रिकाम्याचे उणेही रिकामेच, आणि कंस समजतो की काहीच मागितलेले नाही. सगळी यादी गायब! 'कोणालाही वगळू नका' या वाक्याचा अर्थ 'सगळ्यांना वगळा' असा होणारी भाषा दुसरी कुठली असेल तर मला दाखवावी. शून्य आणि रिकामे यांतला घोटाळा पुन्हा इथेही आहेच.

हे सगळे कोड लिहिणाऱ्यांचे घरगुती भांडण आहे, असे कोणी समजू नये. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली एक निबंध लिहिला: देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेले की वाढ खुंटते. सरासरी वाढ उणे ०.१ टक्का. युरोप-अमेरिकेत सरकारी खर्च कापू पाहणाऱ्यांनी या निबंधाचा भरपूर आधार घेतला. २०१३ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला थॉमस हर्न्डन हा विद्यार्थी, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पॉलिन या प्राध्यापकांबरोबर तो हिशेब पुन्हा मांडून बसला. एक्सेलच्या सूत्रात सरासरी ३० ते ४९ या ओळींची घ्यायला हवी होती, घेतली होती ३० ते ४४ची. पाच देश बाहेर राहिले: ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा, डेन्मार्क. काही देशांची काही वर्षे वगळणे आणि सरासरीला वजन देण्याची पद्धत हे आक्षेप त्याहून मोठे होते. सर्व दुरुस्त करून त्यांच्या हिशेबाने आकडा आला २.२ टक्के. क्रमांकाने ओळी निवडण्यातला धोका यात पुरता दिसतो. ४४ या आकड्यावर बेल्जियम असे कुठे लिहिलेले नसते. नावाने निवड केली असती, तर कोणते देश घेतले हे त्या वाक्यातच वाचता आले असते.

ओळ म्हणजे नुसता क्रमांक नव्हे, तिला नाव असते, हा विचार संख्याशास्त्रात ठामपणे मांडणारा माणूस मराठी होता, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? विद्याधर प्रभाकर गोडांबे यांनी १९५५ साली रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात नमुना-निवडीचा एकसंध सिद्धांत मांडला. निवडलेला प्रत्येक घटक आपले लेबल घेऊन येतो, त्याला किती वजन द्यायचे हे तो कोण आहे आणि कोणाबरोबर निवडला गेला यावर अवलंबून असू शकते, आणि हे एकदा मान्य केले की प्रत्येक लोकसंख्येसाठी सर्वोत्तम ठरेल असे एकच सूत्र सापडत नाही, असे त्यांनी दाखवले. पुढे ते कॅनडात वॉटर्लू विद्यापीठात प्राध्यापक होते. लेबलात माहिती असते की नसते, यावर नंतर कित्येक वर्षे विद्वानांचे वाद झडले.

त्यांच्या आधीच्या पिढीतले डॉ. पां. वा. सुखात्मे यांचा नमुना-पाहणीवरचा ग्रंथ १९५४चा. शेतातल्या पिकाचा अंदाज घेण्यासाठी यादृच्छिक निवडीने पीक-कापणी प्रयोग करण्याची पद्धत भारतात रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा. त्या पद्धतीतली एक गोष्ट मला आजच्या कोणत्याही भाषेपेक्षा पुढारलेली वाटते. निवडलेल्या सर्व्हे नंबरात ते पीकच नसेल तर पुढे काय करायचे, हे आधी ठरवून लिहून ठेवलेले असते. ते शेताच्या बांधावर उभ्या असलेल्या माणसाच्या सोयीवर सोडलेले नसते.

आणि मुद्दा शेवटी सोयीचाच आहे. रकाना कोण कोरा ठेवतो? चिठ्ठ्या टाकून ठरल्यासारखे कोणीही नाही. नुकताच आलेला, इंग्रजी फॉर्मला बिचकणारा, सहा महिन्यांसाठी मुलाकडे आलेले आईवडील, आजार सांगायला संकोचणारी बाई. म्हणजे ज्यांची विचारपूस आधी व्हायला हवी नेमके तेच. भाषेने केलेली छोटीशी सोय अशा माणसांच्या पदरचे घेऊन आपल्याला नीटनेटका तक्ता देते.

म्हणून माझा निवाडा असा. एसक्यूएल आणि फिल्टर सभ्य आहेत, पण गप्प राहतात. पांडाज हिशेब जुळवून दाखवतो, म्हणून त्याच्यावर डोळा जास्त ठेवावा. आरचा कंस फटकळ आहे, अर्धेच खरे सांगतो, पण निदान विचार करायला लावतो. यांपैकी कोणालाही टाकून द्यायचे कारण नाही. आपल्या मुलांना मात्र एक सवय जरूर लावावी: दोन याद्या मागू नका, तीन मागा. हो म्हणणारे, नाही म्हणणारे, आणि उत्तर नसलेले, तिसरी यादी नावांसकट. तिघींची बेरीज मूळ यादीशी ताडून पाहा. तिसऱ्या यादीत कोणीच नसेल, तर तिथे जुन्या कारकुनासारखे स्वच्छ अक्षरात 'निरंक' लिहा. आणि कोणी असेल, तर आधी त्यांना फोन करा.