आज्ञा आणि खिडकी

नील स्टीफन्सन या अमेरिकन कादंबरीकाराचा ‘इन द बिगिनिंग... वॉज द कमांड लाइन’ हा प्रदीर्घ निबंध १९९९ साली पुस्तकरूपाने निघाला. संगणकाशी पडद्यावरच्या चित्रांतून व्यवहार करावा की अक्षरांत लिहिलेल्या आज्ञांतून, हा त्यातला मूळ वाद. एका कादंबरीकाराने असल्या रूक्ष विषयात पडावे याचे काहींना नवल वाटेल. मला वाटत नाही; हा वाद लिहिण्याचाच आहे.

स्टीफन्सनच्या उपमा मोठ्या खुमासदार आहेत. विंडोज ही बोजड मोटार, मॅकिन्टॉश ही रेखीव पण आतून मोहोरबंद गाडी, आणि लिनक्स हा फुकट वाटला जाणारा रणगाडा! पुढे वेल्सच्या कादंबरीतले एलॉय आणि मॉरलॉक येतात: चित्रांवर विसंबून जगणारे बहुसंख्य आणि यंत्र जाणणारे मूठभर. वाचताना मौज वाटते. पण रणगाड्याचे कौतुक हे अखेर सामर्थ्याचे कौतुक, आणि तेथेच माझे त्याच्याशी जमत नाही. आज्ञेचे मोल मला ती मागे उरते यात दिसते.

आमच्यासारख्या शाळेत कोणी हौशी गृहस्थ तीस संगणक टिचक्या मारमारून लावून देतो आणि बदली होऊन जातो. त्याने कोणत्या खिडकीत काय बदलले, हे मग ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. तेच त्याने स्क्रिप्ट लिहून ठेवली असती, तर ती पुढच्याला वाचता आली असती, एकतिसाव्या यंत्रावर चालवता आली असती, आणि मुख्य म्हणजे तीवर टीका करता आली असती. टिचकीवर टीका कशी करणार?

अर्थात लिहिलेले सारेच शहाणपणाचे नसते. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी अमेझॉनच्या साठवण-सेवेत एका आज्ञेतला एक तपशील चुकीचा टंकला गेला, ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त सर्व्हर बंद पडले आणि कित्येक संकेतस्थळे काही तास अडून राहिली. यावर अमेझॉनने खिडक्या बसवल्या नाहीत. एका झटक्यात फार सर्व्हर काढता येऊ नयेत, अशी मर्यादा त्या हत्यारालाच घातली. (“नक्की ना?” असे विचारणारी खिडकी आपण किती वेळा वाचतो, हे वाचकांनीच आठवावे.) मात्र वर्षातून एकदा, एकाच यंत्रावर करायच्या कामाला खिडकीच बरी. काय काय करता येते ते ती समोर मांडते. आज्ञा आधी ठाऊक असावी लागते.

आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीत ‘स्मिट’ नावाचे साधन आहे. यादीतून काम निवडावे, एक कळ दाबावी, की त्यामागची आज्ञा पडद्यावर दिसते. केलेल्या कामाच्या आज्ञा एका फाइलीतही उतरतात. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज सर्व्हर २००७ ची खिडकीही पॉवरशेलच्या आज्ञांवरच उभी होती, आणि काम झाल्यावर चाललेली आज्ञा दाखवीत असे. अशा साधनापाशी बसलेला नवखा माणूस ना एलॉय, ना मॉरलॉक. तो आज दुसऱ्याची ओळ वाचतो, उद्या तीतला एक शब्द बदलून पाहतो. स्टीफन्सनच्या त्या दोन जातींत त्याला बसवायचे कोठे?