लघुरेल्वेला मासिक का हवे

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून निघालेली गाडी ठाण्याला पोचली, आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. तेव्हापासून या पट्ट्याचे सगळे जगणे रेल्वेच्या वेळापत्रकाला बांधलेले आहे. इंजिनांचे वर्ग ओळखणारे, रेकचे डबे मोजणारे, पुठ्ठ्याची लोकल करून तिला हुबेहूब रंग देणारे हौशी इथे आजही आहेत. तरीही लघुरेल्वे, म्हणजे खऱ्या रेल्वेची प्रमाणबद्ध, धावती प्रतिकृती उभारण्याची कला, इथे एकेकट्याच्या छंदापलीकडे गेली नाही. पैसा नाही आणि जागा नाही, ही त्याची नेहमीची कारणे. दोन्ही खरी आहेत, पण पुरेशी नाहीत. माझ्या मते खरी उणीव छापील पानाची आहे. मराठीत या कलेचे स्वतंत्र नियतकालिक उभे राहिले नाही, म्हणून प्रत्येक हौशी पहिल्यापासून सुरुवात करतो आणि त्याचे काम त्याच्याबरोबरच संपते.

अमेरिकेतील 'मॉडेल रेलरोडर'चा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. अल्बर्ट कॅल्मबाख यांनी मिलवॉकीत जानेवारी 1934 मध्ये, महामंदीच्या ऐन काळात, हे मासिक काढले. म्हणजे सुबत्ता आली आणि मग मासिक निघाले, असा क्रम तिथेही नव्हता. दुसऱ्याच वर्षी त्याच शहरात हौशींची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि चाके व रूळ यांची प्रमाणित मापे ठरू लागली, त्यामुळे एकाने बनवलेला डबा दुसऱ्याच्या रुळांवर धावू शकला. पुढे लिन वेस्टकॉट संपादक झाले. लेआउटखालचा, म्हणजे रुळांच्या मांडणीखालचा, लाकडी सांगाडा कसा बांधावा, वेग नियंत्रित करणारे साधन घरी कसे जुळवावे, हे त्यांनी वाचकांना शिकवले. पण या मासिकाचे सर्वांत मोठे काम जॉन ॲलन यांच्या बाबतीत दिसते. कॅलिफोर्नियात त्यांनी वर्षानुवर्षे खपून उभारलेला डोंगराळ लेआउट जानेवारी 1973 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच, आगीत जळाला. तरी आजचा हौशी त्यांची दरीखोरी आणि पूल अभ्यासू शकतो, कारण त्या लेआउटची छायाचित्रे आणि लेख छापून ठेवलेले होते. आपल्याकडे गणपतीच्या आराशीत धावत्या गाड्यांचे देखावे होतात. त्यांचे रूळ, वायरिंग, रंगकाम विसर्जनानंतर उचलले जाते आणि ते कसे केले होते याची ओळभरही नोंद उरत नाही.

नोंद नसल्याची किंमत किती मोठी असते, ते कल्याणवरून धावलेल्या एका इंजिनावरून कळेल. मुंबईपासून घाटांपलीकडे पुणे आणि इगतपुरीपर्यंत विद्युतीकरण झाले तेव्हा मालगाड्या ओढायला जी इंजिने आली, ती स्वित्झर्लंडच्या विंटरथर येथील कारखान्याने आखलेली होती. एकूण 41. लांब नाकाची, सांध्यात वळणारी, चाकांना जोडदांडे असलेली. कर्मचारी त्यांना 'खेकडा' म्हणत. त्यांची स्विस भावंडे 'क्रोकोडाइल' म्हणून प्रसिद्ध झाली, खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या मार्क्लिन कंपनीने त्यांच्या प्रतिकृती काढल्या आणि त्या जगभरच्या हौशींच्या कपाटांत पोचल्या. एकाच कुळातली ही दोन यंत्रे. एक दंतकथा झाले, आणि बोरघाट-थळघाट चढलेल्या दुसऱ्यातले एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे. फरक यंत्राच्या देखणेपणात नाही. एकामागे लिहिणारे, मोजणारे आणि आराखडे छापणारे होते, दुसऱ्यामागे नव्हते.

मापांचा प्रश्न तर मासिकाशिवाय सुटणारच नाही. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरचा. जगात सर्वाधिक चालणाऱ्या एचओ स्केलमध्ये, म्हणजे 1:87 या प्रमाणात, रुळांमधले अंतर 19.3 मिलिमीटर हवे. बाजारात मिळणारे रूळ 16.5 मिलिमीटरचे, कारण ते 1435 मिलिमीटरच्या परदेशी रुळांवरून बेतलेले आहेत. मग गाडीचे प्रमाण बदलायचे, रूळ हाताने घालायचे, की तीन मिलिमीटरची ही चूक पत्करायची? ब्रिटिश हौशींपुढे जवळपास हाच पेच होता. त्यांच्याकडे तडजोड करणारे आणि काटेकोर मापाचा आग्रह धरणारे असे पंथ पडले, दशकानुदशके मासिकांतून भांडले, आणि त्या भांडणातून कारागिरी सुधारली. आपल्याकडे हा निर्णय प्रत्येक जण मुकाट्याने आपापल्या टेबलावर घेतो.

जागेचा आक्षेप मात्र गंभीर आहे. लोकलचा डबा सुमारे 21 मीटरचा. 1:87 मध्ये तो 24 सेंटिमीटर होतो आणि बारा डब्यांची गाडी जवळजवळ 2.9 मीटर. डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये ती नुसती उभी करायलाही भिंत पुरत नाही. पण जागेची टंचाई युद्धोत्तर ब्रिटनमध्येही होती, आणि 1949 मध्ये निघालेले 'रेल्वे मॉडेलर' सामान्य ऐपतीच्या वाचकासाठीच चालवले गेले. त्याचे संपादक सी. जे. फ्रीझर यांनी 1957 मध्ये 'मिनोरीज' नावाचा आराखडा छापला: सात फुटांहून कमी लांबीच्या, दुमडता येणाऱ्या फळीवर उपनगरी गाड्यांचे गजबजलेले टर्मिनस. तो आजही उभारला जातो. असा आराखडा ठाण्यासाठी कोणी आखायचा? 1:160 मध्ये तीच बारा डब्यांची लोकल 1.6 मीटरच्या आत बसते. नेरळ-माथेरानची दोन फुटी गाडी तर कमालीच्या तीव्र वळणांची, म्हणजे छोट्या टेबलासाठीच जणू बांधलेली. उत्तरे आहेत, ती लिहून काढायला हवीत.

हा छंद परका आहे, असेही म्हटले जाते. भाऊसाहेब जोशी यांचे कोथरूडमधील लघुरेल्वे संग्रहालय 1 एप्रिल 1998 पासून पुण्यात पाहायला मिळते. मराठी माणसाच्या हातून हे काम होते, याचा तो पुरावा. पण प्रेक्षकाला थक्क करणे वेगळे आणि त्याला कारागीर बनवणे वेगळे. दुसरे काम संग्रहालयाचे नव्हे. व्हिडिओच्या काळात मासिक कशाला, या आक्षेपात थोडे तथ्य आहे: सोल्डरिंग करणारा हात हलताना पाहिला की ते लवकर कळते. मात्र मोजमापांसह छापलेला आराखडा टेबलावर पसरून त्यावर पट्टी ठेवता येते. शिवाय व्हिडिओखाली कौतुक होते, संपादकाची चिकित्सा होत नाही. नांगराच्या कारखान्याच्या 'किर्लोस्कर खबर'पासून मोठे मासिक घडवणारी आणि 'सृष्टिज्ञान'सारखे विज्ञानाचे मासिक 1928 पासून पाहिलेली भाषा या विषयाला अपुरी पडेल, असे मानायला आधार नाही.

दरमहा अंक काढणे आज जड जाईल, हे मान्य. वर्षाला एक दिवाळी अंक पुरे, आणि त्याचा पहिला विषय कल्याणचाच असावा. कल्याणवरून जाणाऱ्या मुख्य मार्गावरची 1500 व्होल्ट डीसी व्यवस्था 2015 मध्ये संपली. चित्तरंजनला बनलेली 57 डब्ल्यूसीजी-2 मालइंजिने आणि डीसी आणि एसी अशा दोन्ही विद्युतप्रवाहांवर चालणारी डब्ल्यूसीएएम-3 इंजिने त्याच व्यवस्थेसाठी होती. ती चालवणारे आणि दुरुस्त करणारे अनेक जण निवृत्त होऊन याच पट्ट्यातल्या शहरांत राहतात. छतावरची कोणती पेटी कुठे होती, कोणत्या वर्षी रंग बदलला, घाटात मागून ढकलणारा बँकर कसा जोडत, हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्याकडून ते आजच उतरवून घेऊन, 1:87 च्या आराखड्यांसह छापले पाहिजे.